ट्रान्सफर पेशंट घेताना नाव सांगायचं नाही, विचारायचं

नर्सिंगला नवीन लागलेल्यांसाठी लिहितेय, कारण मला हे जेव्हा कळलं तेव्हा माझ्या हातात क्रॉसमॅचसाठी (रक्त चढवण्याआधी ते पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ही तपासणी) काढलेल्या रक्ताची ट्यूब होती.

दुसऱ्या हॉस्पिटलमधून एक आजोबा आमच्या वॉर्डला आले, सोबत जाडजूड फाईल, आणि मनगटावर ओळखीचा बँड (नाव-नंबर लिहिलेला पट्टा) नाही कारण आयव्ही लावताना तिकडेच कापला होता. मी घाईत विचारलं, "आजोबा, तुमचं नाव अमुक अमुक ना?" त्यांनी मान हलवली. मी रक्त काढलं, लेबल लिहायला जन्मतारीख हवी म्हणून फाईलमधली समरी (आधीच्या हॉस्पिटलने दिलेला उपचारांचा सारांश) उघडली तर वय 58, आणि समोर तर ऐंशीच्या घरातला माणूस. नाव-आडनाव तेच, मधलं नाव वेगळं. आजोबांना ऐकू कमी येत होतं, ते कशालाही मान हलवत होते. ट्यूब टाकून दिली, त्यांच्या मुलीकडून नाव-जन्मतारीख विचारून घेतली, नवीन बँड बांधला आणि मग परत सॅम्पल. चुकीच्या ग्रुपचं रक्त थोडंसं गेलं तरी जिवावर बेततं, त्यामुळे तो दिवस मी विसरणार नाही.

तेव्हापासून मी कधीच नाव सांगून "हो ना?" असं विचारत नाही. "पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा" एवढंच, आणि ते बँड आणि कागद दोन्हींशी जुळवते. कमीत कमी दोन ओळखी लागतात हे तुम्ही शिकला असालच, जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये पेशंट सेफ्टीचे जे 9 उपाय दिले त्यात ओळख पटवणं आणि हँडओव्हर (पेशंट सोपवताना माहिती देणं) दोन्ही आहेत. बेड नंबर ही ओळख नाही, बेड तर संध्याकाळपर्यंत बदलतो.

ट्रान्सफरमध्ये अजून एक गडबड होते ती पेशंटच्या नोंदणी नंबरची. जुन्या हॉस्पिटलचा नंबर आपल्या सिस्टीममध्ये दुसऱ्याच कुणाचा असू शकतो, तो फॉर्मवर उतरवू नका. जुना बँड असेल तर आधी सगळं जुळवा, नवा बांधा, मगच जुना काढा, दोन बँड हातावर ठेवायचे नाहीत. तारीख आधी की महिना आधी हेही बघा, 4/7 आणि 7/4 मध्ये माणूस बदलतो. आणि फाईलचं फक्त पहिलं पान नाही, प्रत्येक रिपोर्टवरचं नाव वाचा, वेळ लागतो पण वाचाच. ट्यूबला लेबल रक्त काढल्यावर, पेशंटच्या शेजारी उभं राहूनच, आधी लेबल लावून ठेवलेल्या ट्यूबा ट्रेमध्ये घेऊन फिरू नका.

पेशंट बेशुद्ध असेल, बोलता येत नसेल तर जवळच्या माणसाला विचारा, कुणीच नसेल तर तात्पुरता नंबर द्या पण अंदाजाने नाव लिहू नका (सोडायला आलेल्या ॲम्ब्युलन्सवाल्याने सांगितलं म्हणूनही नाही).

आणि काही जुळलं नाही तर आपल्या बाजूचं निस्तरून गप्प बसायचं नाही, इन्चार्ज सिस्टरना सांगून पाठवणाऱ्यांना लगेच कळवायचं. आम्ही त्या दिवशी फोन केला, कारण ज्या 58 वर्षांच्या माणसाचे कागद आमच्याकडे आले होते तो तिकडेच ॲडमिट होता. त्याच्या फाईलला आजोबांचे रिपोर्ट लागले होते.