मूत्राशयाचा कर्करोग : किमो, रेडिएशन आणि इम्युनोथेरपी एकत्र घेताना घरच्यांनी काय सांभाळावे

लघवीतून रक्त पडले पण दुखले नाही, की आपल्या कोल्हापूर भागात बहुतेक घरांत त्याला ‘उष्णता’ म्हणतात आणि धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा सुरू होतो. दोन दिवसांत रक्त थांबते आणि विषय तिथेच मिटतो. माझ्या थोरल्या मामांच्या बाबतीत असेच सात महिने गेले. न दुखता लघवीतून रक्त जाणे हे या रोगाचे सर्वांत नेहमीचे लक्षण आहे, आणि रक्त आपोआप थांबले तरी त्यामागचे कारण जागेवरच असते. म्हणून वयस्कर, त्यातही विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा रंगाच्या रसायनांत वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला एकदा जरी रक्त दिसले, तरी त्याने मूत्ररोगतज्ज्ञाकडे जावे. कोणते औषध, किती मात्रेत, हे डॉक्टरच ठरवतात. मी लिहितो आहे ते घरच्यांच्या वाट्याला येणाऱ्या कामाबद्दल.

सर्वांत आधी रोग किती खोल गेला आहे हे समजून घ्यावे. दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली की तिचा तुकडा तपासणीला जातो. त्या तुकड्यात स्नायूचा थर आला होता का, आणि कर्करोग त्या स्नायूत शिरला आहे का, हे दोन प्रश्न रिपोर्ट हातात घेऊनच विचारावेत. तुकड्यात स्नायू आलाच नसेल तर पुन्हा खरवडावे लागते, आणि ते टाळू नये, कारण पुढची सगळी दिशा या एका ओळीवर ठरते.

रोग वरवरचा पण पुन्हा उद्भवण्याचा धोका अधिक असेल, तर मूत्राशयात बीसीजी, म्हणजे क्षयाच्या लसीतले कमजोर केलेले जंतू, सोडतात, सुरुवातीला आठवड्याला एक याप्रमाणे सहा वेळा. हा उपचार १९७६ पासून माहीत आहे आणि तीही इम्युनोथेरपीच, म्हणजे प्रतिकारशक्तीला रोगाविरुद्ध कामाला लावणारा उपचार, आहे. मात्र हल्ली डॉक्टर ज्याला इम्युनोथेरपी म्हणतात ती शिरेतून देण्याची पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब, ड्युर्व्हॅलुमॅब अशी औषधे वेगळी आहेत. आपल्या प्रतिकारशक्तीला काही ब्रेक असतात आणि कर्करोगाच्या पेशी तेच दाबून स्वतःला वाचवतात. ही औषधे तो ब्रेक सोडवतात. कोणती इम्युनोथेरपी, हे विचारल्याशिवाय नुसत्या शब्दावर समाधान मानू नये.

रोग स्नायूत शिरला असेल आणि शरीरात इतरत्र पसरला नसेल, तर दोन वाटा असतात. एक, आधी किमो आणि नंतर शस्त्रक्रिया करून मूत्राशय काढणे. दुसरी, गाठ शक्य तितकी खरवडून, मग किमो आणि रेडिएशन एकाच वेळी देऊन मूत्राशय वाचवणे. पहिल्या वाटेवर इम्युनोथेरपीचे स्थान आता पक्के होत आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,०६३ रुग्णांच्या चाचणीत जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन या किमोच्या औषधांना शस्त्रक्रियेआधी ड्युर्व्हॅलुमॅबची जोड देऊन नंतरही ते चालू ठेवले, तेव्हा दोन वर्षांनी ८२.२ टक्के रुग्ण हयात होते. नुसत्या किमोच्या गटात हा आकडा ७५.२ टक्के होता. दुसऱ्या वाटेवर मात्र, म्हणजे रेडिएशन आणि किमोच्या जोडीला इम्युनोथेरपी, हा अजून सर्वमान्य झालेला उपचार नाही. रेडिएशनने मेलेल्या पेशींचे अवशेष प्रतिकारशक्तीला शत्रूची ओळख पटवतील आणि इम्युनोथेरपी तिचा ब्रेक सोडवेल, हा त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे; पण विचार पटणे वेगळे आणि रुग्णाला फायदा होणे वेगळे. म्हणून तिन्ही एकत्र सुचवले गेले, तर हे एखाद्या चाचणीचा भाग म्हणून आहे का, आणि माझ्या रुग्णाला तिसऱ्या औषधाने नेमका काय फायदा अपेक्षित आहे, हे स्पष्ट विचारावे. असे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे.

किमो आणि रेडिएशन एकत्र का, याचे उत्तर मात्र पक्के आहे. किमोमुळे गाठीच्या पेशी रेडिएशनला अधिक बळी पडतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६० रुग्णांच्या चाचणीत फ्लुओरोयुरॅसिल आणि मायटोमायसिन ही किमोची औषधे रेडिएशनच्या जोडीला दिल्यावर दोन वर्षांनी ६७ टक्के रुग्णांचे मूत्राशय आणि आसपासचा भाग रोगमुक्त होता. नुसत्या रेडिएशनने हे प्रमाण ५४ टक्के होते. ही वाट सर्वांसाठी नाही. गाठ एकच आणि फार मोठी नसावी, ती पूर्ण खरवडता आलेली असावी, तिच्यामुळे मूत्रपिंडाला सूज आलेली नसावी आणि मूत्राशय नीट काम करत असावे. या अटी बसत असतील, तर मूत्राशय काढण्याच्या कागदावर सही करण्याआधी शस्त्रक्रिया करणारे आणि रेडिएशन देणारे अशा दोन्ही डॉक्टरांना एकदा भेटावे, हे माझे ठाम मत आहे. आमच्याकडे पहिल्या ठिकाणी दुसऱ्या वाटेचा उल्लेखही झाला नव्हता.

सिस्प्लॅटिन द्यायचे असेल तर मूत्रपिंडे चांगली हवीत. गाठीमुळे मूत्रवाहिनी अडली असेल तर आधी नळी टाकून मार्ग मोकळा करावा लागतो. औषधाच्या आधी आणि नंतर सलाईन चढवतात. कानात आवाज येणे, बोटांना मुंग्या येणे हे लगेच सांगावे. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणि कुणी सुचवलेले काढे या काळात पूर्ण बंद ठेवावेत.

रेडिएशन बहुधा २० किंवा ३२ दिवसांचे असते आणि आठवड्यात पाच दिवस चालते. बहुतेक ठिकाणी मूत्राशय रिकामे करून टेबलावर झोपवतात. जे सांगितले असेल ते रोज तसेच करावे, कारण मूत्राशय भरलेले असले की त्याची जागा आणि आकार दोन्ही बदलतात. चंदगड किंवा गगनबावड्याहून रोज एसटीने ये-जा करण्यापेक्षा, जमल्यास, शहरात महिनाभर खोली घ्यावी. लघवीची जळजळ आणि घाई असताना घाटातला प्रवास फार कठीण जातो. जेवण साधे ठेवावे. तांबडा रस्सा दोन महिने नाही खाल्ला तरी चालेल. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून किमो आणि रेडिएशन बसू शकते, पण इम्युनोथेरपीचे इंजेक्शन बसते का, हे रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राकडून पहिला डोस घेण्याआधीच विचारून घ्यावे, कारण ती औषधे फार महाग आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. उपचार एकामागोमाग किंवा एकत्र चालू असताना एकच त्रास तीन ठिकाणांहून येऊ शकतो. जुलाब रेडिएशनने होतात, पण इम्युनोथेरपीने आतड्याला आलेल्या सुजेनेही होतात, आणि त्यांचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. पहिल्याला पथ्य आणि गोळी पुरते, दुसऱ्याला स्टेरॉइड लागू शकते, आणि नुसती जुलाबाची गोळी देऊन वाट पाहिली तर आतडे धोक्यात येते. रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडे किती चांगली चालतात हे त्यावरून कळते) वाढले तर दोष सिस्प्लॅटिनचा, अडलेल्या मूत्रवाहिनीचा की इम्युनोथेरपीचा, हे तपासावे लागते. कोरडा खोकला आणि धाप लागणे ही फुप्फुसाची सूज असू शकते. आणि हे त्रास शेवटच्या डोसानंतर काही महिन्यांनीही उद्भवू शकतात.

मामांना इम्युनोथेरपी सुरू झाल्यावर थकवा आला. मे महिन्यात अंगावर शाल घेऊन बसायचे, आवाज घोगरा झाला, बोलायचे कमी. आम्ही सगळे म्हणालो, किमोचा अशक्तपणा आहे, वय झाले आहे. एका डॉक्टरांनीही टॉनिक लिहून दिले. सहा आठवड्यांनी रक्त तपासले तेव्हा थायरॉइड जवळजवळ बंद पडलेले निघाले. रोजची एक गोळी सुरू झाली आणि तीन आठवड्यांत ते स्वतः चालत रंकाळ्यावर गेले.

त्यानंतर मामींनी न्हाणीघराच्या दाराला खिळा मारून एक वही दोऱ्याने अडकवली. तारीख, औषध, लघवीला किती वेळा, शौचाला किती वेळा, ताप, खोकला, वजन. वहीच्या पहिल्या पानावर इम्युनोथेरपीच्या औषधाचे नाव आणि डोसांच्या तारखा मोठ्या अक्षरांत लिहिल्या, म्हणजे रात्री अपरात्री कुठल्याही दवाखान्यात न्यावे लागले तरी समोरच्या डॉक्टरांना ते पहिल्याच क्षणी दिसावे. आपणही असेच करावे. नेहमीपेक्षा चार किंवा अधिक वेळा जास्त शौचास होणे, धाप, छातीत दुखणे, डोळे पिवळे होणे, १०० च्या वर ताप, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. आधीपासून संधिवातासारखा प्रतिकारशक्तीचा आजार असेल किंवा मूत्रपिंड बदलले असेल, तर ते पहिल्या भेटीतच सांगावे.

मूत्राशय वाचवले तरी दुर्बिणीची तपासणी सुटत नाही. सुरुवातीची वर्षे साधारण दर तीन महिन्यांनी आणि पुढे अंतर वाढवत ती चालू ठेवावी लागते, आणि रोग स्नायूत पुन्हा दिसला तर मूत्राशय काढण्याची तयारी ठेवावी लागते. हे आधीच बोलून घ्यावे, म्हणजे तो दिवस आला तर घरात वाद होत नाहीत. विडी मात्र रोग कळला त्याच दिवशी बंद. मामांची पुढची दुर्बीण येत्या महिन्यात आहे आणि तारीख मामींनी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवली आहे.