रोमहून एका दिवसात ओर्विएतो: ग्रुपने जाताना या चुका टाळा

परीक्षा संपते, पाच-सहा जण तयार होतात आणि कुणीतरी म्हणतं, "ओर्विएतोला जाऊ, सव्वा तासाचं तर आहे." खरंच आहे. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून साध्या रेजोनाले, म्हणजे प्रादेशिक गाडीने साधारण तेवढाच वेळ लागतो आणि तिकीट विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतं. तरीही हा प्लॅन सर्रास फसतो. पैसे कमी पडले म्हणून नव्हे, तर काय आधी आणि काय नंतर हे चुकलं म्हणून. ओर्विएतोसारख्या डोंगरमाथ्यावरच्या गावात क्रम चुकला की अर्धा दिवस बंद दारांसमोर नाहीतर बसथांब्यावर जातो.

तेर्मिनीवर

मोठ्या फलकावर 'ओर्विएतो' शोधत उभं राहू नका. तिथे गाडीचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, आणि तुमची गाडी बहुतेक वेळा फिरेन्झेला, म्हणजे फ्लोरेन्सला जाणारी असते. गाडीचा नंबर जुळवा. फलाटाच्या आकड्यापुढे 'एस्ट' असेल तर पाय उचला, ते फलाट मुख्य हॉलपासून बरेच आत आहेत. कॉफी घेऊन निवांत निघालेल्या ग्रुपची गाडी तिथेच चुकते.

तिकिटाचं प्रकरण जास्त महागात पडतं. रेजोनालेचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यायची असते. अ‍ॅपवरून काढलेल्या तिकिटाचं गाडी सुटण्याआधी चेक-इन करावं लागतं. "पैसे तर भरलेत की" हे उत्तर तपासनीसासमोर चालत नाही. विसरलात आणि गाडी सुटली, तर जागेवर बसून राहू नका. तो तुमच्यापर्यंत येण्याआधी तुम्ही त्याला गाठा आणि सांगा. आणखी एक: ओर्विएतोला इंटरसिटी ही लांब पल्ल्याची गाडीही थांबते, पण रेजोनालेचं तिकीट तिच्यात चालत नाही. समोर आली म्हणून चढू नका.

परतीचं तिकीट ठरावीक इंटरसिटीचं काढून स्वतःला बांधून घेण्याचीही गरज नाही. रेजोनालेचं भाडं आयत्या वेळी वाढत नाही. आणि सगळ्यांची तिकिटं एकाच्याच मोबाइलमध्ये ठेवू नका. त्या एकाची बॅटरी दुपारी तीनला संपते, हा अलिखित नियमच आहे.

स्टेशन म्हणजे गाव नव्हे

माथेरानला जायला नेरळला उतरावं लागतं, तसं इटलीतल्या डोंगरी गावांचं आहे. फरक एवढाच, की इथे बऱ्याचदा खालच्या स्टेशनलाही वरच्या गावाचंच नाव असतं. त्यामुळे नकाशा न बघता येणारा फसतो. आसिसीचं स्टेशन खाली मैदानात आहे आणि वर जायला बस लागते. मोन्तेपुल्चानोचं स्टेशन गावापासून काही किलोमीटर लांब. सान जिमिन्यानोला स्टेशनच नाही, पोज्जीबोन्सीला उतरून बस धरावी लागते. "गाडी साडेदहाला पोचते" याचा अर्थ "साडेदहाला आपण गावात" असा धरला, की पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं.

ओर्विएतोत त्या मानाने सोपं आहे. स्टेशनच्या दारासमोरच फनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी, चढावर चालणारी छोटी रेल्वे आहे. १८८८ मध्ये ती पाण्याच्या वजनावर चालायची, आता विजेवर चालते. काही मिनिटांत ती पिआत्झा काहेन या चौकात सोडते. मात्र तिथून दुओमो, म्हणजे मुख्य चर्च, अजून लांब आहे. वर पोचताच समोर उभी असलेली छोटी बस बघून अख्खा ग्रुप तिच्यात घुसतो, आणि या सहलीतली सगळ्यात मोठी चूक नेमकी तिथे होते.

विहीर शेवटी ठेवणं

कारण ओर्विएतोतली सगळ्यात अजब गोष्ट त्या चौकाला लागूनच आहे: सान पात्रीत्सिओची विहीर. १५२७ मध्ये पवित्र रोमन सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट निसटून या कड्यावर आला. कडा चढायला अवघड, पण वेढा पडला तर वर पाणी कुठलं? म्हणून त्याने वास्तुविशारद धाकट्या आंतोनिओ दा सांगाल्लोकडून ही विहीर खोदून घेतली. काम पूर्ण झालं १५३७ मध्ये, तोवर पोप वारला होता.

विहीर ५० मीटरहून खोल, आणि तिच्या भिंतीत दोन गोल जिने एकमेकांभोवती गुंडाळलेले. एकाने खेचरं रिकामी उतरायची, तळाशी पाणी भरून दुसऱ्याने वर यायची. दोन्ही जिने वाटेत कुठेच भेटत नाहीत. मधल्या पोकळीकडे उघडणाऱ्या खिडक्यांतून पलीकडे चढणारे लोक दिसतात, हाक मारता येते, पण गाठता येत नाही. पायऱ्या २४८, रुंद आणि उथळ, कारण त्या खेचरांच्या पावलांसाठी आहेत. तळाशी पाण्यावर छोटा पूल, तो ओलांडायचा आणि दुसऱ्या जिन्याने वर यायचं.

आता यातून व्यवहाराच्या गोष्टी. "तुम्ही व्हा पुढे, मी अर्ध्यातून परत येते" हे इथे जमत नाही, जिना एकाच दिशेचा आहे. बाहेर पडायचं दारही वेगळं आहे, त्यामुळे कुठे भेटायचं ते उतरण्याआधी ठरवा. आत गारवा आणि ओल असते, भर उन्हाळ्यातही पातळ जॅकेट अंगावर बरं वाटतं. आणि मुख्य म्हणजे सकाळी, पाय ताजे असताना जा. "फनिक्युलरच्या वाटेवरच तर आहे, जाताना बघू" म्हणणारे संध्याकाळी गाडीचा वेळ मोजत २४८ पायऱ्या चढतात, किंवा चौकातूनच परततात.

दुओमोची वेळ

विहीर झाली की कोर्सो कावूर या मुख्य रस्त्याने चालत दुओमोकडे जा, बस सोडली तरी चालेल. १२९० मध्ये बांधायला घेतलेल्या या चर्चचा दर्शनी भाग पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी तो सावलीत असतो. दुपारनंतर ऊन आलं की सोनेरी मोझेक खरे दिसतात. फोटोसाठी सकाळी धावत येऊन काही हाती लागत नाही.

रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा पर्यटकांनी दुपारीच यावं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आत सान ब्रित्सिओच्या चॅपलमध्ये लुका सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं आहेत. ख्रिस्तविरोधकाच्या चित्रात डाव्या कोपऱ्यात काळ्या कपड्यांत दोघे उभे आहेत: एक स्वतः सिन्योरेल्ली, दुसरा फ्रा आंजेलिको, ज्याने हे काम आधी सुरू केलं होतं. पाच मिनिटांत चॅपल उरकणाऱ्यांना ते दिसत नाहीत.

सवलतीबद्दलही घोळ होतो. सरकारी संग्रहालयांतलं १८ ते २५ वयाचं २ युरोंचं तिकीट युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे; आपल्या विद्यार्थी ओळखपत्रावर ते गृहीत धरू नका. पण इटलीत आर्किटेक्चर किंवा पुरातत्त्व शिकत असाल, तर प्रवेशाचा दाखला जवळ ठेवा, सरकारी संग्रहालयं तुम्हाला फुकट असतात. दुओमो आणि विहीर यांचे नियम वेगळे, तिथे खिडकीवरच विचारा.

जेवण

दोन-अडीचच्या सुमारास बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात, आणि मग संध्याकाळपर्यंत आइस्क्रीमवर राहावं लागतं. एक वाजायच्या आत टेबल धरा. कोपेर्तो, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, माणशी लागतो, म्हणजे सहा जणांत दोन पास्ता मागवून काटकसर होत नाही. शाकाहारी असाल तर "मांस नको" एवढ्यावर थांबू नका. मासे नकोत, हॅम नको, मांसाचा रस्सा नको, असं एकेक सांगा. ट्रफल या सुगंधी बुरशीचे उम्ब्रिकेल्ली, म्हणजे इथला जाड पास्ता, हा चांगला पर्याय. पाव अळणी लागला तर तक्रार करू नका, ओर्विएतो ज्या प्रांतात आहे त्या उंब्रियात तो बिनमिठाचाच असतो.

चिविताचा मोह

"जवळच आहे, चिविता दी बान्योरेज्योपण करू" हे शेजारच्या डोंगरी गावाबद्दलचं वाक्य आलं की कुणीतरी नाही म्हणायला हवं. बस मोजक्या आहेत, उतरल्यावर चालणं आहे, मग लांबलचक चढाचा पूल. थांब्यावरच्या वेळापत्रकात 'फेरिआले' लिहिलेल्या बस कामाच्या दिवसांच्या, त्यात शनिवार धरलेला असतो. रविवारी आणि सुटीच्या दिवशी 'फेस्तीवो'चा रकाना बघा. रविवारी चिविताला इथून बसच नसते. जायचंच असेल तर तिला वेगळा दिवस द्या.

संप

निघण्याच्या आदल्या रात्री 'शोपेरो', म्हणजे संप, शोधून बघा. रेल्वेचे संप आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठरावीक रेजोनाले गाड्या धावतातच, त्यामुळे सकाळची लवकरची गाडी आणि रात्री नऊच्या आतली परतीची गाडी धरली तर सहल वाचते. रविवारी ही हमी नसते. संप रविवारी असेल तर सरळ दुसरी तारीख ठरवा.