हत्ती पकड मोहिमेपूर्वी करावयाची तयारी

कर्नाटकातून २००२ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात हत्ती उतरले, तेव्हापासून माड, सुपारी आणि केळीच्या बागायतींची होणारी नासधूस पाहिली, तर हत्ती पकडून न्यावेत ही शेतकऱ्यांची मागणी रास्तच म्हणावी लागेल. परंतु २०१५ मध्ये त्याच जिल्ह्यातील माणगाव खोऱ्यात पकडलेल्या तीन हत्तींपैकी दोन बंदिवासातच दगावले. म्हणून हत्तीला नेऊन सोडायचे कोठे, हे सर्वांत आधी ठरवावे.

केरळमधील अरिकोंबन नावाच्या रानटी हत्तीला २९ एप्रिल २०२३ रोजी चिन्नकनाल येथे पकडून पेरियारच्या जंगलात सोडले, तर महिनाभरात तो तमिळनाडूतील कंबम शहरात शिरला आणि जूनमध्ये त्याला पुन्हा पकडावे लागले. श्रीलंकेत स्थलांतरित केलेल्या १२ नर हत्तींच्या अभ्यासातही काही मूळ जागी परतले, तर काही भलतीकडेच भटकत राहिले. तेव्हा निवडलेल्या जंगलात बारमाही पाणी व चारा आहे का, जवळची वस्ती किती अंतरावर आहे, हे प्रत्यक्ष फिरून पाहावे. रेडिओ कॉलरवर (हत्तीचा ठावठिकाणा कळवणाऱ्या गळ्यातील पट्ट्यावर) काही महिने लक्ष ठेवणारी माणसे नेमावीत आणि शेजारच्या राज्याच्या वनविभागालाही तिची माहिती मिळत राहील अशी व्यवस्था करावी.

हत्ती वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत असल्याने मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश हाती असल्याखेरीज पुढे जाऊ नये. सुळे, कानाच्या कडा आणि शेपटीची छायाचित्रे जुळवून नेमका तोच हत्ती असल्याची खात्री करावी. पिल्लू सोबत असलेल्या मादीला हात लावू नये.

भुलीचे इंजेक्शन सकाळच्या गारव्यात, उतार व पाणवठ्यापासून दूर द्यावे, कारण गुंगीत हत्ती पाण्यात कोसळला तर त्याला वाचवणे फार कठीण होते. तो छातीवर बसला, तर फुप्फुसांवर दाब येऊन श्वास कोंडतो; त्याला ताबडतोब कुशीवर वळवण्यासाठी दोर, माणसे आणि प्रशिक्षित कुमकी हत्ती (रानटी हत्तीला आवरण्यास मदत करणारे पाळीव हत्ती) जवळच असावेत. गुंगी उतरवणारे औषध आणि अंगावर ओतण्यास पुरेसे पाणी तयार ठेवावे. ट्रकच्या मार्गावरील पूल व लोंबत्या वीजतारा आधी तपासाव्यात, आणि त्या दिवशी गर्दी रोखण्याचे काम पोलिसांकडे स्पष्टपणे सोपवावे.

या सगळ्यात बागायतदाराचा पंचनामा अडकून पडू नये. मोहिमेला विलंब झाला, तरी झालेल्या नुकसानीची भरपाई वेळेवर द्यावी आणि उरलेल्या हत्तींसाठी रात्रीची गस्त चालू ठेवावी.