'कानाशी' कुणाची?

जपानीत भावना बोलायच्या, तर आधी दुसऱ्याच्या मनात शिरायची सवय मोडा. आपण बिनधास्त म्हणतो, 'तिला वाईट वाटतंय.' तोक्योत निशी-कासाईला राहायला आले तेव्हा ऑफिसातल्या एका मैत्रिणीबद्दल मीही नुसतंच 'कानाशी' (दुःखी) म्हणाले. समोरचीने काळजीने मलाच विचारलं, काय झालं?

'कानाशी', 'उरेशी' (आनंदी) ही नुसती रूपं स्वतःपुरती. दुसऱ्याबद्दल बोलताना शेवटची दीर्घ शी ऱ्हस्व करा आणि 'सो' जोडा, ओ जरा लांबवून: 'कानाशिसो', म्हणजे दुःखी दिसतेय. दिसतं तेवढंच बोलायचं.

स्वतःबद्दल बोलताना 'वाताशी वा' (म्हणजे 'मी') गाळा. बक्षीस मिळालं की फक्त 'उरेशी!' समोरच्याला सामील करून घ्यायचं असेल तर शेवटी 'ने'. आपल्या 'नाही का?'च्या जवळचा.

माझा लाडका शब्द 'कुयाशी'. शेवटच्या चेंडूवर सामना हरल्यावर होते ती हळहळ आणि चडफड एकत्र. मराठीत त्याला दोन शब्द लागतात. लोकलचं दार तोंडावर बंद झालं की मी तो पुटपुटते. पाठांतरापेक्षा असाच जिभेवर बसला.