पावसाळी रानात शिट्टी कशी वाजवावी

गोव्यातल्या मोले, सुर्ला किंवा नेत्रावळीच्या रानात पावसाळ्यात निघताना, अडचणीत मदत मागायला, शिट्टी घ्याच. पण ती सॅकच्या तळाशी नको, छातीवरच्या पट्ट्याला दोरीने अडकवा. घसरून पडल्यावर सॅक उघडता येईलच असं नाही. गोळीची शिट्टी टाळा. आतली बुचाची गोळी भिजून फुगते, चिखलाने अडकते आणि नेमक्या वेळी नुसती हवा फुसफुसते. बिनगोळीची प्लास्टिकची शिट्टी पाणी झटकलं की पुन्हा वाजते.

व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, खळाळात आवाज बुडतो, म्हणून चालता येत असेल तर आधी थोडं बाजूला, उंचावर जा. मग एका मिनिटात सहा फुंका, म्हणजे साधारण दर दहा सेकंदांनी एक, आणि पुढचं मिनिटभर पूर्ण शांत. ही शांतताच बरेच जण गाळतात. मग आलेलं उत्तर ऐकू कसं येणार? उत्तर मिनिटाला तीन फुंकांचं असतं. ते मिळालं तरी जागा सोडू नका, माणसं दिसेपर्यंत वाजवत राहा.

बोटं घालून झकास शिट्टी मारणाऱ्यांनीही खरी शिट्टी जवळ ठेवावी: ओठ गारठले, सुकले की ती कला दगा देते.