वॉटर कूलिंगचा लूप रिकामा करताना या चुका टाळा

संगणकाचा वॉटर कूलिंग लूप, म्हणजे पंपाने पाणी फिरवून आतले भाग थंड ठेवणारे नळ्यांचे बंद वर्तुळ, हौसेने जोडणारे पुष्कळ भेटतात. वर्षभराने कूलंट (लूपमध्ये फिरणारे पाणी) बदलायची वेळ आली, की त्यांतलेच बरेच जण नळी उपसून खाली पातेले धरतात.

सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक म्हणजे रिझर्व्हॉयरचे (लूपच्या पाण्याच्या टाकीचे) वरचे झाकण बंद ठेवून खालचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडणे. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत येते, म्हणून आपण समोर दुसरे भोक पाडतो. लूपमध्येही हवेला आत शिरायला वाट नसेल, तर पाणी वरच अडून राहते आणि लूप रिकामा झाल्याचा भास होतो. माझ्या पहिल्याच लूपच्या वेळी मी असा फसलो. धार थांबलेली पाहून मी ग्राफिक्स कार्डाच्या ब्लॉकवरची (चिपची उष्णता पाण्यात उतरवणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावरची) फिटिंग, म्हणजे नळीचा जोड, सोडवली आणि वरच्या रेडिएटरमध्ये (पाणी गार करणाऱ्या जाळीत) अडलेले पाणी तिथून थेट खालच्या पॉवर सप्लायवर आले. प्लग काढलेला होता, तरी तो सप्लाय पुन्हा चालू करून पाहण्याची हिंमत झाली नाही. नवा आणावा लागला. तेव्हापासून झाकण काढून टेबलावर डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय मी व्हॉल्व्हला हात लावत नाही, आणि धार थांबल्यावर कॅबिनेट हळूहळू दोन्ही बाजूंना कलते करून रेडिएटरमधले उरलेले पाणी काढतो.

ते उरलेले पाणी बाहेर ढकलण्यासाठी पंप चालवणे हा आणखी एक लाडका शॉर्टकट आहे. डी५ या मॉडेलसारख्या पंपाच्या बेअरिंगला वंगण मिळते ते त्या पाण्याचेच. कोरडा फिरवलेला पंप पुढे खरखरू लागला, तर दोष पंपाचा नसतो. पुन्हा भरतानाही रिझर्व्हॉयर रिकामा होऊ लागताच पंप बंद करावा, पाणी घालावे आणि मगच पुढे जावे. या वेळी वीज फक्त पंपाला द्यावी, मदरबोर्डला नव्हे. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून मी लूप रात्रभर चालवतो; अर्ध्या तासात ‘गळत नाही’ असा निर्वाळा देणाऱ्यांचे मला नवल वाटते.

फिटिंगला टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, कारण पाणी अडवण्याचे काम तिथे आट्यांचे नसून ओ-रिंगचे (रबरी कडीचे) असते. पान्याने आवळू नये. ब्लॉकच्या ॲक्रिलिकला तडा जातो. तांब्याच्या ब्लॉकसोबत ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नये, ॲल्युमिनियम गंजत जाते. घरच्या आरओचे पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर नव्हे. आणि नुसते डिस्टिल्ड वॉटरही पुरेसे नाही, त्यात गंजरोधक आणि शेवाळनाशक हवेच.

दुधी रंगाचे कूलंट छायाचित्रात देखणे दिसते, पण त्यातले कण ब्लॉकच्या बारीक फटींत साचतात. तापमान विनाकारण वाढू लागले असेल, तर पंखे बदलण्याआधी ब्लॉक उघडून पाहावा. मी तो जुन्या मऊ टूथब्रशने घासतो आणि त्यानंतर पारदर्शक कूलंटच भरतो.