जपानी विद्यार्थ्यांना परदेशी पाठवताना उद्दिष्टं कशी लिहावीत

जपानी विद्यापीठांत नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींच्या वाट्याला एक काम हमखास येतं: विद्यार्थ्यांना परदेशी पाठवण्याच्या उपक्रमाचा मसुदा. मी एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात हेच काम करते. वेळापत्रक, तिकिटं, विमा हे सगळं जमतं. गाडी अडते ती 'उद्दिष्टं' या रकान्यापाशी. तिथे बहुतेक जण 'जागतिक दृष्टी लाभावी, भिन्न संस्कृतींची ओळख व्हावी' असं लिहून मोकळे होतात. त्यात चूक काही नाही, पण त्यावरून विद्यार्थ्याला काय करायचं ते कळत नाही आणि शिक्षकाला काय तपासायचं ते उमगत नाही.

माझा पहिला सल्ला असा की, परतीच्या दिवसापासून उलटं लिहायला लागा. १८७१ साली जपान सरकारने अमेरिका-युरोपला पाठवलेल्या इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर पाच मुली अमेरिकेला शिकायला गेल्या. त्यांतली सर्वांत धाकटी त्सुदा उमेको अवघी सहा वर्षांची होती. त्यांना पाठवलं होतं उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या विकासासाठी नेमलेल्या सरकारी खात्याने. उमेको १८८२ मध्ये परतली तेव्हा ते खातं बंद झालेलं होतं, तिची मायबोली जवळजवळ पुसली गेली होती आणि सरकारने तिच्यासाठी कुठलंही काम योजलेलं नव्हतं. पुढे तिने १९०० साली मुलींसाठी इंग्रजीची शाळा काढली आणि २०२४ पासून ५,००० येनच्या नोटेवर तिचं चित्र आहे. पण हे सारं तिच्या जिद्दीने झालं. पाठवणाऱ्यांच्या योजनेत परतीनंतरचं पान कोरंच होतं.

आजच्या विद्यार्थ्याच्या परतीनंतर उभी असते ती 'शूकात्सू', म्हणजे नोकरीची शोधाशोध. सरकारी वेळापत्रकानुसार कंपन्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस १ मार्चपासून भरतीची माहिती खुली करतात आणि चौथ्या वर्षी १ जूनपासून निवड सुरू होते. प्रत्यक्षात इंटर्नशिपच्या निमित्ताने मुलं त्याआधीच हेरली जातात. मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला असतो: विद्यार्थिदशेत तुम्ही कशावर मेहनत घेतलीत? 'परदेशी गेलो होतो' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. म्हणून उद्दिष्ट असं लिहा: 'परदेशात आलेली एक अडचण, त्यावर स्वतः केलेला उपाय आणि त्याचा परिणाम विद्यार्थी तीन मिनिटांत सांगू शकेल.' हे तपासता येतं आणि त्याची तयारी पहिल्या दिवसापासून करून घेता येते.

दुसरं, मुक्काम किती दिवसांचा आहे ते पाहून आपली अपेक्षा बेताची ठेवा. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे छोटे उपक्रम बहुधा ऑगस्ट-सप्टेंबर किंवा फेब्रुवारी-मार्चच्या सुट्टीत होतात. तीन आठवड्यांत कोणाची भाषा पालटत नाही, बोलायची भीड मात्र चेपते. मग तेवढंच लिहा. एका सत्राच्या मुक्कामासाठी आपल्या विषयाचा एखादा वर्ग परभाषेत पूर्ण करणं हे उद्दिष्ट रास्त आहे. वर्षभरासाठी जाणाऱ्याकडून लेखी शोधकामाची अपेक्षा धरता येते. इथे श्रेयांकांचा हिशेबही आधीच करा. पदवीला किमान १२४ श्रेयांक लागतात, त्यांतले जास्तीत जास्त ६० बाहेरच्या विद्यापीठांतले धरता येतात आणि एक श्रेयांक म्हणजे ४५ तासांचा अभ्यास. कुठला विषय कशाच्या बदल्यात धरला जाईल, हे निघण्यापूर्वी विभागाकडून लेखी घ्या, नाहीतर पदवी लांबते.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. आमच्याकडची मुलं अभ्यासात मागे पडत नाहीत. ती मागे पडतात गरज सांगण्यात. यजमान घरात रात्री थंडी वाजते, पांघरूण पातळ आहे, तरी मुलगी अंगावर कोट घेऊन झोपते आणि सकाळी 'छान झोप लागली' म्हणते. तिला वाटतं, मागितलं तर यजमानांना त्रास होईल. यजमानांना वाटतं, सगळं ठीक आहे. आठवड्याभराने ती आजारी पडते तेव्हा दोन्हीकडे वाईट वाटतं.

म्हणून माझ्या प्रत्येक मसुद्यात एक उद्दिष्ट असतंच: 'विद्यार्थी आपली गरज त्याच दिवशी, स्वतःच्या तोंडाने सांगेल.' ते साधण्यासाठी निघण्याआधीच्या वर्गात जोड्या लावून सराव घेते. एक जण यजमान, दुसरा पाहुणा. पाहुण्याने 'रात्री मला थंडी वाजली, अजून एक पांघरूण मिळेल का?' एवढं म्हणायचं. पहिल्यांदा जवळपास सगळेच तीनदा माफी मागतात आणि मूळ मागणी विसरतात. मग माफी एकदाच मागायची असा नियम घालते आणि पुन्हा करायला लावते. पुढे हाच सराव प्राध्यापकाला 'मला कळलं नाही' म्हणण्यासाठी आणि डॉक्टरला कुठे दुखतंय ते सांगण्यासाठी होतो. यावर दिलेला वेळ मी कधीच वाया गेलेला पाहिला नाही.

भाषेबद्दल एक सावधगिरी. नेहमीची टोइक ही इंग्रजीची परीक्षा ९९० गुणांची असते आणि ती फक्त ऐकणं नि वाचणं मोजते. '१०० गुण वाढतील' असं उद्दिष्ट ठेवलंत तर मुलं खोलीत बसून प्रश्नसंच सोडवतील. त्यापेक्षा 'गटचर्चेत दुसऱ्याच्या मुद्द्याला धरून एक प्रश्न विचारेल' हे बरं. आणि मोठा गट पाठवणार असाल तर जपानी मुलांचं आपसातलं कोंडाळं कसं फुटेल, तेही मसुद्यात घाला. यजमान घरं वेगळी, प्रकल्पगटात स्थानिक विद्यार्थी, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

सरकारी आकडे उद्दिष्टांत कॉपी करू नका. २०१३ मध्ये परदेशी जाणाऱ्यांची संख्या २०२० पर्यंत दुप्पट करून १,२०,००० वर न्यायची असं ठरलं होतं. २०२३ मध्ये २०३३ पर्यंत ५,००,००० चं लक्ष्य ठेवलं गेलं. ही धोरणं पैसा आणि शिष्यवृत्त्या आणतात, त्यांचा उपयोग जरूर करा. पण समोर बसलेल्या १९ वर्षांच्या मुलीला त्या आकड्यांतून काही मिळत नाही. तिच्या पालकांनाही नाही. २०१२ मध्ये डॉलर ८० येनच्या आसपास होता, २०२४ मध्ये तो १६० च्या पुढे गेला, म्हणजे तेवढ्याच डॉलरच्या शुल्काला घरचे दुप्पट येन मोजतात. पालकसभेत उद्दिष्टं वाचून दाखवताना हा खर्च डोक्यात असू द्या. मग पोकळ वाक्यं आपोआप गळतात.

शेवटी तपासणी. उपक्रमाच्या शेवटच्या दिवशी प्रश्नावली भरून घेतली तर सगळेच 'उत्तम' लिहितात, त्यावर विसंबू नका. परतल्यावर महिन्याभराने प्रत्येकाला अर्धा तास द्या आणि तीनच गोष्टी विचारा: काय मागितलंस, काय कळलं नव्हतं, आता पुढच्या सत्रात कुठला विषय घेतोयस? सहा महिन्यांनी हेच पुन्हा विचारा. ज्या उद्दिष्टाबद्दल कोणाकडेच सांगण्यासारखं काही निघत नाही, ते पुढच्या वर्षीच्या मसुद्यातून काढून टाका.